बाराच्या उन्हातली हाक

माय,

तुला पत्र लिहायचं म्हणजे आधी ते वाचणार कोण, हा प्रश्न. तू होतीस तेव्हा माझी पत्रं पोस्टमन तुला ओट्यावर बसून वाचून दाखवायचा, त्यामुळे वर्ध्यात मी काय जेवतो आणि माझी कोणती चप्पल तुटली हे आपल्या सगळ्या आंजी गावाला माझ्या आधी ठाऊक असायचं. आता तो पोस्टमनही राहिला नाही, तेव्हा जरा मोकळेपणाने लिहिता येईल. मला हिंगणघाटच्या त्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे, गिरणीच्या क्वार्टरातल्या आपल्या दोन खोल्यांबद्दल, आणि मी तुला सांगितलेल्या एका गोष्टीबद्दल. पण तिथे सरळ जाता येत नाही. आधी आंजीच्या घरावरून जावं लागतं.

वैशाखातली दुपार आहे. बाबांना जाऊन दोन पावसाळे झालेत. चुलीपुढे तू बसली आहेस, समोर मी, माझ्या ताटात ज्वारीची भाकर आणि वाटलेलं तिखट. दादा बैलांना पाणी दाखवायला शेतातल्या विहिरीवर गेला आहे. बाहेर गल्लीत चिटपाखरू नाही, कुत्रीसुद्धा बैलबंड्यांच्या खाली शिरून जिभा काढून पडली आहेत. आणि दाराशी हाक येते, 'माय.' एकदाच. मी उठायला लागतो तर तू माझं मनगट धरतेस आणि ओठावर बोट ठेवतेस. 'पयल्या हाकेले ओ देऊ नाई. बाराचं उन हाये. खरं मानूस असन तं तीनदा मारते.' हे काही नवं नव्हतं, आपल्याकडे सगळ्यांच्या घरी हाच कायदा. जे काही भर दुपारी फिरतं ते एकदाच हाक मारतं, आणि जो ओ देतो त्याला घेऊन जातं. आपण दोघं दाराकडे बघत बसलो. तुझी बोटं माझ्या मनगटावर होती, पिठाने माखलेली. दुसरी हाक आली नाही. मग तू म्हणालीस, 'जेव आता,' आणि मी जेवलो.

दिवस मावळताना दादाला विहिरीतून काढलं. ती विहीर नाल्यापलीकडे, शिवाराच्या टोकाला. तिथून माणूस कितीही ओरडला तरी घरापर्यंत आवाज पोचायचा नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते तुला पुन्हा पुन्हा सांगितलं. 'तो नोयता वं. दुसरंच काई होतं ते. बरं झालं ओ नाई देली, नाई तं दोन गेले असते.' तू मान हलवत होतीस. मी खांबाला टेकून ऐकत होतो. त्या वर्षी दादाचा आवाज फुटत होता, बोलताना मध्येच चिरकायचा. ती हाकही मध्येच चिरकली होती. हे तुलाही ऐकू आलं होतं आणि मलाही, आणि आपण दोघांनी ते एकमेकांना कधी विचारलं नाही.

त्यानंतर तुझं ते सुरू झालं. रोज नाही, पण उन्हाळ्यात बरेचदा. भांडं घासता घासता तू मान वर करायचीस आणि अगदी साध्या आवाजात म्हणायचीस, 'ओ… आली.' मग हात पदराला पुसत दारापर्यंत जायचीस, रिकाम्या गल्लीकडे बघायचीस, आणि परत येऊन तेच भांडं घासायला घ्यायचीस. शेजारच्या काकूने एकदा विचारलं, 'कोन बलावते वं तुले?' तू म्हणालीस, 'कोनी नाई.' त्या दिवसापासून काकू दुपारची आपल्याकडे फिरकली नाही. सगळ्या गावाला पहिल्या हाकेला गप्प राहायला शिकवणारी तू, आणि एकटी तूच ओ देत होतीस, तीही आम्हाला न ऐकू आलेल्या हाकेला.

मग मला वर्ध्याला संस्कृत शिकायला धाडलंस. मी विहिरीपासून लांब राहावं हा एक हेतू, आणि मी मंत्र शिकून येईन म्हणजे घरात काही शिरायचं नाही, हा दुसरा. तुझा दुसरा हेतू मी पार बुडवला, माय. आमचे शास्त्री मंत्रबिंत्र काही शिकवत नव्हते, शब्दरूपं पाठ करून घेत होते. सुट्टीत घरी आलो आणि दुपारी तुझं 'ओ' ऐकलं की मी डोक्यावरून गोधडी घेऊन 'रामः रामौ रामाः' म्हणत पडायचो. भुताला पळवायला माझ्याजवळ एवढंच होतं. द्विवचनाला तरी भूत घाबरत असेल अशी आशा होती.

पुढे मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्स केलं, आणि हिंगणघाटच्या एका गिरणीत चिकटलो. क्वार्टर मिळालं तसं तुला आंजीहून घेऊन आलो, तुझं 'ओ'ही बरोबर आलं. गिरणीने नवाच कॉम्प्युटर घेतला होता, एका कपाटाएवढा. तुला तो बघायचा होता, तू बघितलास, आणि म्हणालीस, 'याच्यात काई ठेवता येत नाई तं कपाट काऊन घेतलं?' त्याच्यावर हजेरी चालायची, मालाचा हिशेब चालायचा, आणि आणखी एक काम होतं, ते मला तेव्हाही सगळ्यात मोठं वाटत असे. कापसाच्या प्रत्येक गोदामात छपराखाली एक उष्णता ओळखणारं बटण बसवलं होतं. गोदाम बेताबाहेर तापलं की ते बटण लागायचं, तारेवरून कॉम्प्युटरला खबर जायची, आणि कॉम्प्युटर गोदामाचा नंबर दाखवून आगीची घंटा वाजवायचा. दुपारच्या सुट्टीत गाठी वाहणाऱ्या रेजा त्याच गोदामांत निजायच्या, कारण गिरणीत सावली तिथेच होती. तीस-चाळीस बाया, काहींजवळ तान्ही पोरं. कापूस पेटला की दारापर्यंत पोचायला वेळ मिळत नाही, हे हिंगणघाटात शेंबडं पोरही सांगेल.

आता यंत्राच्या पोटातलं थोडं सांगतो, तुला तेव्हा सांगितलं तसंच. त्याच्यात एक मुख्य कारभारी असतो, कर्नल म्हणतात त्याला. माणूस नव्हे, लिहिलेला कार्यक्रम, पण घर तोच चालवतो. तो आपल्या कामात असतो, आणि बाकीची अंगं त्याला मध्येच हाक मारतात. ती अंगं म्हणजे एका ओळीत, आपापल्या खाचेत उभी बसवलेली कार्डं. हाक आली की कर्नल हातातलं ठेवून विचारतो, 'कोण?' हा प्रश्न पहिल्या खाचेपासून निघतो. ज्याने हाक मारली नाही तो शेजाऱ्याकडे सरकवतो, तो त्याच्या शेजाऱ्याकडे, आणि ज्याने मारली असेल तो म्हणतो, 'मी, अमुक नंबरचा.' नंबर कळला की काय करायचं ते कर्नलला ठाऊक असतं. गोदामांच्या बटणांचं कार्ड ओळीत सगळ्यात शेवटी होतं.

त्या मे महिन्यात रोज बाराच्या सुमाराला यंत्र गोठायला लागलं. हजेरीच्या ऑफिसातले सगळे पडदे जागच्या जागी थांबायचे, आणि माझ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटायची. तिचा मराठीत अर्थ एवढाच, की खोटी हाक. कोणीतरी हाक मारली, कर्नलने 'कोण' म्हणून विचारलं, आणि कोणीच उत्तर दिलं नाही. रोज एक, बाराच्या उन्हात, आणि पुन्हा नाही. खोली गार ठेवलेली असायची, तरी ती ओळ वाचताना माझ्या पाठीवर घाम यायचा. पुस्तकात लिहिलं होतं की विजेच्या गोंगाटाने असं होतं. मी पिंजणीच्या मोटारी बंद करून पाहिल्या, जमिनीत जाणारी तार नवी टाकली, कार्डं काढून पुसून परत बसवली. बारा वाजले की ओळ हजर.

आमचे मॅनेजर मला पंडित म्हणत. ते दारात उभे राहून म्हणाले, 'पंडित, तुमचा डबा रोज बारा वाजता मरून राह्यला. भूत लागलं का?' मी म्हटलं, 'साहेब, शोधतोय.' तर म्हणाले, 'शोधा, पण चालू ठेवून शोधा. हजेरीवाले माझं डोकं खाऊन राह्यले.' दुसऱ्या दिवशी यंत्राला लिंबू-मिरची बांधलेली होती. ती पंख्याच्या वाऱ्याने हलायची आणि पत्र्यावर टकटक करायची, त्यामुळे रिकाम्या खोलीत बसणं आणखी जड झालं.

मग मला एक युक्ती सुचली. कर्नलचा तो भाग आम्हाला बदलता येत असे. मी त्यात चार-पाच ओळी लिहिल्या. ओळख न देणारी हाक आली तर थांबायचं नाही, बोलायचं नाही, गप्प राहायचं. लगेच दुसरी आली तरी गप्प. तिसरी आली तरच लक्ष द्यायचं. जगात इतके लोक कर्नल लिहितात, माय, पण असला नियम त्यात घालायला आंजीचाच माणूस लागतो. यंत्र गोठायचं थांबलं. मॅनेजरांनी चहा पाजला. आठवडा असा गेला, आणि मी मनातल्या मनात तुला गुरू करून मोकळा झालो.

पाळीमुळे मला साडेअकरालाच जेवायला सुट्टी मिळे. त्या दिवशी तू वांग्याची भाजी केली होतीस. मी जेवता जेवता तुला सगळं सांगितलं, थोडी फुशारकी मारत, थोडी तुझी थट्टा करत. 'तुयं शास्त्र मशीनच्या पोटात घातलं, माय. आता ते बी पयल्या हाकेले ओ देत नाई.' मला वाटलं तू हसशील. तू भाजीचं भांडं खाली ठेवलंस.

'कोन मारते हाक?'

'कोनीच नाई. खोटी हाये ते. तसं लिवूनच येते.'

'रोज येते?'

'रोज.'

'एकदाच?'

'हाव.'

तू चुलीकडे बघत राहिलीस. स्टोव्ह होता तिथे, चूल नव्हती, पण तू चुलीकडे बघितल्यासारखंच बघत होतीस. मग म्हणालीस, 'त्याले दुसऱ्यांदा मारताच येत नसन तं?'

तू आवाज चढवला नव्हतास. मी ताटावरून उठलो, हात धुतले की नाही आठवत नाही. क्वार्टर ते गिरणी रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना भिंती, आणि त्या उन्हात माझी सावली पायांखाली गोळा होऊन बसली होती. रस्त्यावर कोणी नव्हतं, तरी मी मागे वळून पाहिलं नाही. तोवर मी खोटी हाक कोण मारतं हे शोधत होतो. त्या रस्त्यावर पहिल्यांदा उलट विचार केला. समजा हाक खरी आहे. मग माझा 'कोण' कुठे जातो?

यंत्र बंद केलं, झाकण काढलं, आणि तो प्रश्न जसा जातो तसं खाचेवरून खाचेवर बोट फिरवत गेलो. शेवटच्या कार्डाच्या अलीकडची खाच रिकामी होती. तिथलं छपाईचं कार्ड कंपनीचा माणूस महिन्याभरापूर्वी दुरुस्तीला नागपूरला घेऊन गेला होता. खाच रिकामी ठेवायची तर तिच्या मागच्या दोन खिळ्यांवर तारेची एक बारीक टोपी चढवावी लागते, म्हणजे प्रश्न रिकाम्या घरावरून पुढे जातो. ती टोपी चढवलेली नव्हती. त्यामुळे शेवटचं कार्ड हाक मारायचं, कर्नल 'कोण' म्हणायचा, आणि तो 'कोण' त्या रिकाम्या खाचेपाशी येऊन संपायचा. कार्डाची बनावटच अशी होती की उत्तर आलं नाही की ते गप्प होई. शास्त्री आम्हाला शिकवायचे की लोप झालेला प्रत्ययही आपलं काम करून जातो. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

टोपी चढवली. माझा नियम नसलेला जुना कर्नल डिस्कवर होता, तो लावून यंत्र सुरू केलं, आणि समोर बसलो. लिंबू-मिरची टकटक करत होती. बारा वाजले, वर काही मिनिटं गेली. मग पडद्यावर चार नंबरचं गोदाम आलं आणि घंटा वाजली. एकदाच हाक आली होती, माय. ती पुरली.

आम्ही धावत गेलो तर चार नंबरात काहीही नव्हतं. धूर नाही, वास नाही. गाठींच्या थप्पीला लागून बाया ओळीने निजलेल्या, तोंडावर पदर घेतलेल्या, इतक्या निश्चल की मी दारातच थबकलो. घंटेने एकेक पदर खाली आला. 'घटकाभर डोया लागला तं हे आले,' एक बाई म्हणाली. गोदामाचा जमादार दाराशी विडी न पेटवता नुसती तोंडात धरून बसला होता, तो म्हणाला, 'पंडितजी, तुमच्या डब्याले उन लागलं. कांदा लावा त्याच्या डोक्याले.' बाया हसल्या. न्यायशास्त्रात आम्हाला वर्षभर एकच उदाहरण होतं, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे. धूर नसेल तर काय करायचं ते शास्त्रींनी सांगितलं नव्हतं. मी थप्पीवरून हात फिरवत गेलो. बाहेरच्या गाठी उन्हाने कोमट होत्या. आत हात घातला तेव्हा एक गाठ तव्यासारखी लागली.

मी जमादाराचा हात धरून तिथे लावला. त्याने विडी फेकली आणि इतक्या हळू आवाजात 'उठा गं बायांनो, पोरं घ्या' म्हणाला की कोणी पुन्हा हसलं नाही. बाया बाहेर गेल्यावर गाठ अंगणात ओढली, बादल्या भरून ठेवल्या, आणि लोखंडी पट्ट्या तोडल्या. गाठ उघडली तर आत सगळी काळी, मधोमध लाल, आणि वारा लागताच माणसाच्या उंचीएवढा जाळ उठला. ती किती दिवस आतल्या आत धुमसत होती कोण जाणे. थप्पीचा ताप आणि त्यात बाराच्या उन्हाने तापलेला पत्रा, दोन्ही मिळून बटण लागायचं. संध्याकाळी पत्रा निवला की सुटायचं. ती गाठ रोज सांगत होती, आणि शेवटचा आठवडा मी तिला गप्प केलं होतं.

घरी आलो तोवर बातमी वसाहतीत फिरली होती, तुला सगळं कळलं होतं. तू पाणी दिलंस, मी प्यालो. मग तू विचारलंस, 'कितीदा मारली हाक?'

तुझ्याकडे न बघता मी म्हणालो, 'तीनदा.'

'तीनदा?'

'हाव. खरं असलं म्हनजे तीनदाच मारते, माय. तुयंच खरं निंगालं. एकदा मारते ते खोटं राह्यते.'

तू रिकामा पेला उचललास. मग म्हणालीस, 'हो काय,' आणि सकाळची भाजी गरम करायला ठेवलीस, कारण मी ती अर्धी टाकून गेलो होतो. दुसऱ्या दिवसापासून तू ओ दिली नाहीस. तो सगळा उन्हाळा गेला, पुढचाही गेला, तू जाईपर्यंत एकदाही नाही. लोकांना वाटलं तू बरी झालीस. काकू आंजीहून आली होती, ती दुपारची आपल्याकडे पाय पसरून झोपली.

पण सुट्टीच्या दिवशी मी घरी असायचो, आणि मला दिसायचं. सुपात गहू निवडता निवडता बाराच्या सुमाराला तुझा हात थांबायचा. मान वर व्हायची नाही. हात सुपावर तसाच राहायचा आणि तू वाट बघायचीस, दुसरी येते का. येत नसे. मग बोटं पुन्हा हलायची. पूर्वी तू निदान उठून दारापर्यंत जात होतीस, गल्ली बघून येत होतीस. आता तू ऐकत होतीस आणि बसून राहत होतीस, माझ्या शब्दावर. मला काही ऐकू यायचं नाही. एक दुपार सोडली तर. त्या दुपारी मीही पेपरावरून मान वर केली नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुला कळलं की गिरणीतली हाक एकदाच आली होती, तर तू जिथे असशील तिथून उठशील. आणि एक गोष्ट आहे, ती इथेच लिहून ठेवतो. तुझा जीव हलका व्हावा म्हणून मी तीनदा म्हणालो असं मी पुढे बायकोला सांगितलं, तिला ते फार आवडलं. तसं नव्हतं, माय. मला तुझं ते ओ ऐकवत नव्हतं. मला भीती वाटायची.